चौथ्या मिनिटानंतर बेस नाही

२ मार्च, रविवार

बारके,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न उघडता फाडलं असतंस, म्हणून पत्ता काकूकडून लिहून घेतला. काकू म्हणजे आमची कीबोर्डवाली. माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, पण तिला सगळेच काकू म्हणतात, तिचा नवरासुद्धा. आता उघडलंच आहेस तर वाच, मग खुशाल फाड.

मास्तर जाऊन वर्ष होत आलं. वीस एप्रिलला, रविवारी दुपारी चार वाजता, आम्ही चौघं त्यांच्यासाठी वाजवणार आहोत. चौघांचे चार बँड होते, तीस वर्षं एकमेकांच्या नावानं बोटं मोडली, आणि आता म्हातारपणी एकाच व्यासपीठावर. पेपरात ‘दिग्गजांची फौज’ असं छापून आलंय. फौज कसली, दोन स्टेंट, एक कवळी आणि माझा गुडघा. सॅक्सला आपला फुंक्या आहे. कवळी त्याचीच. ड्रम्सला मी. गिटारला प्रोफेसर. तो कुठं शिकवत नाही, पण मास्तरांची प्रत्येक रेकॉर्ड उलटीसुलटी ऐकून त्यानं कपाटभर वह्या भरल्यात. मास्तरांना तो आयुष्यात एकदाही भेटला नाही. म्हणून तर एवढी भक्ती शिल्लक आहे.

काकूच्या नवऱ्याच्या टायरच्या गोदामात तालीम चालते. रबराचा वास इतका की घरी गेल्यावर जेवणालाही येतो. पहिल्याच दिवशी जुंपली. प्रोफेसर फुंक्याला म्हणाला, तुमचा दम अर्ध्या मात्रेनं उशिरा पोचतो. फुंक्यानं सॅक्सचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या डोक्यावर धरला. काकू किंचाळली. मी उठलो, मोठी झांज दोघांच्या डोक्यांमध्ये नेली आणि अंगात होतं नव्हतं ते बळ लावून हाणली. दोघंही कान धरून खाली बसले. फुंक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आलं.

हे तुला लिहायला नको होतं.

मुद्द्यावर येतो. आम्ही ‘अकरा’ वाजवणार आहोत. दुसरं काय वाजवणार? मास्तर म्हणजे ‘अकरा’ आणि ‘अकरा’ म्हणजे मास्तर. बेस गिटारला माणूस नाही. काकू डाव्या हातानं भागवते, पण ते खरं नाही. त्या रेकॉर्डवर बेस तुझा आहे. तू यावंस असं वाटतं. फार काही नाही, पहिली चार मिनिटं. नंतर रेकॉर्डवर बेस नाहीच, तेव्हा पुढची पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. लोक उभ्या उभ्या टाळ्या वाजवतील बघ.

तू बसच्या डेपोत इंजिनांची मुख्य झाली आहेस असं ऐकलं. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतेस म्हणे. एका कानावर. बरं वाटलं ऐकून.

दादा

११ मार्च, मंगळवार

बारके,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझा हट्ट मला माहीत आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

अडतीस वर्षं झाली. अडतीस वर्षांत माणसं खून माफ करतात. आई गेली तेव्हा मी पुढच्या दारानं आत आलो आणि तू मागच्या दारानं बाहेर पडलीस. आईच्या अंगावरची चादरसुद्धा सरळ केली नव्हतीस. तेव्हाच तुझ्या मागे धावत येऊन तुझी मानगूट धरावी असं वाटलं होतं. धरली नाही. हेही कुठंतरी जमेला धर की.

आज एक मुलाखत घेणारी बाई आली होती. तिला बाकी काही नको होतं, फक्त ‘ती जागा’ हवी होती. चौथ्या मिनिटाला सगळं थांबतं ती. म्हणाली, अडीच सेकंद नुसती शांतता, खाली बेसचा एक सूर घुमत विरतो, आणि मग गिटार परत येते पण बेस कायमचा निघून गेलेला असतो. एवढं धाडस मास्तरांना सुचलं कसं? देशोदेशीची पोरं ती शांतता घड्याळ लावून वाजवतात. मी काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, मास्तर म्हणायचे, न वाजवणं हेही वाजवणंच. मास्तर आयुष्यात असलं काही बोलले नाहीत. त्यांना चहात साखर कमी पडली तरच तोंड उघडायचं सुचायचं. बाईंनी मान डोलावत लिहून घेतलं.

तुला लागलं, हे मी नाकारत नाही. कधीच नाकारलं नाही. पण तूही घाई केली होतीस. तीन-तीन-तीन-दोन, अकरा मात्रांचा साधा हिशेब. त्या शेवटच्या दोनला तू घाई केलीस. सतरा वेळा टेप फिरली होती, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, खोलीत हवा नव्हती. बाबांचा पट्टा आपण दोघांनीही खाल्ला आहे, आपल्या घरात हात आधी आणि तोंड मागून. तू तर जाणतेसच. एक क्षण असतो, तो हातातून सुटतो.

आणि खरा दगड कोण होता तेही आठव. मास्तर. गिटार घेऊन डोळे मिटून उभे होते. तू पडलीस ते त्यांनी ऐकलं. अँप्लिफायरवर तुझं डोकं आपटलं ते ऐकलं. बेस तुझ्या गळ्यातून घसरून तारा घुमल्या ते ऐकलं. तोच तो सूर, ज्यावर आता लोक लेख लिहितात. आणि त्या माणसानं डोळे न उघडता पुढची ओळ सुरू केली. मग मी काय करणार होतो? मी बसलो आणि वाजवलं. पाच मिनिटं वाजवलं. संपल्यावर ते म्हणाले, छान झालं, हेच राहू दे. तुझ्या कानातून आलेलं रक्त तोवर सतरंजीत मुरलं होतं.

तेव्हा एकट्या माझ्यावर का राग?

दादा

२० मार्च, गुरुवार

बारके,

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर चालवून घे. उजवं मनगट सुजलंय.

काल तालमीला प्रोफेसर नाचत आला. म्हणजे खरंच नाचत. त्यानं कुठूनतरी मूळ टेपची प्रत मिळवली होती आणि ती निम्म्या वेगानं ऐकली होती. म्हणाला, दादा, मला शोध लागला! ती जागा योजलेली नव्हतीच! आणि आम्हा सगळ्यांना बसवून त्यानं ते लावलं. त्या संथ वेगात माझे ड्रम्स कुणीतरी मढं ओढत नेल्यासारखे वाटत होते. मग त्यानं बोटानं टेबलावर मोजायला सुरुवात केली. तीन, तीन, तीन, दोन. तीन, तीन, तीन...

"इथं," तो म्हणाला. "ऐकलंत? बेस बरोब्बर आहे. दादा, तुम्ही एक ठोका खाल्लात! तुम्ही दहावरूनच परत एकवर आलात. त्या पोरीनं मात्र घट्ट धरून ठेवलं. काय बेस वाजवलाय! आणि म्हणून मग सगळं थांबलं. चूक होती हो, चूक! किती सुंदर चूक!"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आता कळतं. शपथेवर सांगतो, तो माझं कौतुकच करत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात काय आलं ते मी पाहिलं नाही. झांजेचा स्टँड होता. पहिला वार त्याच्या गालावर बसला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. तो टायरच्या थप्पीवर पडला आणि मी त्याच्यावर. मग मुठीनं. किती ते मोजलं नाही. मोजणं हाच माझा जन्माचा धंदा आणि मला आकडा सांगता येत नाही. त्याच्या चष्म्याची काच माझ्या तळहातात घुसली, तरी मी मारत होतो. काकूनं पाठीमागून माझ्या गळ्याला केबलचा फास टाकून ओढलं, तेव्हा थांबलो. डोळ्यांपुढं काळं झालं होतं म्हणून थांबलो. एरवी थांबलो असतो की नाही, मला ठाऊक नाही.

प्रोफेसर रक्त थुंकत होता. एक दात थुंकला. आणि मला विचारत काय होता, तर, "मी काय चुकीचं बोललो?"

तेव्हा फुंक्या बोलला. अडतीस वर्षं त्या माणसानं तोंडात सॅक्स खुपसून ठेवला होता. कोपऱ्यात बसल्या बसल्या म्हणाला, "तू बरोबर बोललास म्हणून. तिलाही त्यानं म्हणूनच मारलं. ती बरोबर होती."

काकूनं विचारलं, "कुणाला?"

"त्याच्या बहिणीला. स्टिकच्या जाड टोकानं, कानावर. दोनदा. शांतता कसली? मारहाण आहे ती. मी होतो तिथं. मीही वाजवत राहिलो."

काकू माझ्याकडं बघत राहिली. बाई टायरवाल्याच्या घरात तीस वर्षं काढलेली, शिव्यांना भीत नाही. तिनं केबल गुंडाळली, प्रोफेसरला उठवलं आणि दवाखान्यात घेऊन गेली. गालाचं हाड मोडलंय, अकरा टाके पडलेत. हो, अकरा. मलाही कळतं ते, तू हसू नकोस. डॉक्टरांना त्यानं सांगितलं की स्टँडवर पडलो. पोलिसांत गेला नाही. म्हणतो, कार्यक्रम झाला पाहिजे.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तू घाई केलीस. ते तेवढं सोडून दे.

दादा

३० मार्च, रविवार

बारके,

तुझी चिठ्ठी आली. मला नाही, काकूला. फुंक्यानं तुला फोन केला होता हे मला शेवटी कळलं. काकूनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, प्रोफेसरच्या तोंडाला पट्टी होती आणि मी दारात उभा होतो, मला आत बोलावलंच नव्हतं.

‘मी येईन. नऊच्या नऊ मिनिटं वाजवीन. मास्तरांनी लिहिलं होतं तसं, मध्ये न थांबता. बेस कुठंही जाणार नाही. तो त्या इमारतीत असला तर मी गाडीतून उतरणार नाही.’

चार ओळी. एवढ्या वर्षांनी चार ओळी, आणि त्यात माझं नावसुद्धा नाही. ‘तो’!

मी काय केलं ते सांगू? घरी आलो आणि स्नेअर ड्रम लाथेनं फोडला. मास्तरांनी दिलेला. मग कपाटाची काच. मग दाराला डोकं. शेजारच्या बाईनं कडी लावून घेतली, तो आवाज मला ऐकू आला आणि मी तिला भिंतीपलीकडून शिव्या दिल्या. तुलाही दिल्या, त्या इथं लिहीत नाही. म्हटलं, माझ्याशिवाय ‘अकरा’? वाजवा की! ती रेकॉर्ड माझ्या हातांवर उभी आहे, या हातांवर! आता कुठं मला कुणी विचारतंय. चौसष्टाव्या वर्षी एकदा नीट वाजवून मरायचं होतं. बाकी काय उरलंय माझ्याकडं? बायको गेली ती का गेली हे तुला माहीत नाही, पण अंदाज येईल. मुलगा फोनवर माझ्याशी बोलतो तो उभा राहून बोलतो, असं त्याची बायको सांगते. बसून बोलता येत नाही म्हणे त्याला.

संध्याकाळी काकू आली. फुटलेल्या काचेवरून पाय जपत आत आली, खुर्ची झटकून बसली. म्हणाली, "दादा, ती हवी की तुम्ही हवे, यावर आमचं मत झालंय. चौघांनी दिलं."

"चौघं कोण?"

"आम्ही तिघं आणि माझा नवरा. गोदाम त्याचं आहे."

मी म्हटलं, "प्रोफेसर तरी माझ्या बाजूनं असेल."

"तोच पहिला बोलला," काकू म्हणाली. "तुम्हाला हाकललं तर आम्हाला बरं वाटेल, पण त्यात काही दम नाही. तुम्ही होऊन बाजूला व्हा. आणि ड्रम्सला जो येईल त्याला शिकवा. न थांबता ड्रम्स कसे जायचे ते तुमच्या आणि तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

मी हो म्हटलं नाही. तिच्यावर हात उगारला नाही, एवढंच. तो उठला होता, बारके. कोपरापर्यंत उठला होता. तिनं पाहिलं आणि हललीसुद्धा नाही. मी तो हात मांडीखाली घालून त्यावर बसलो. ती जाईपर्यंत तसाच बसून होतो.

१३ एप्रिल, रविवार

बारके,

शिकवतोय. टकल्याला. वीस वर्षं ज्याला मी चौकाचौकांत ‘डबे बडवणारा’ म्हणत आलो त्यालाच. नशीब म्हणतात ते हेच.

तो माझ्या घरी येतो, चटईवर सरावाचे रबरी पाट ठेवून आम्ही समोरासमोर बसतो. त्याला अडीच सेकंद थांबायची इतकी सवय आहे की चौथ्या मिनिटाला त्याचे हात आपोआप हवेत राहतात. जगातल्या प्रत्येक ड्रमरचे राहतात. मी म्हणतो, चल, चल, थांबू नकोस, पुढं रस्ता आहे. परवा पाचव्यांदा थांबला तेव्हा माझ्या हातातली स्टिक वर गेली. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि मान खांद्यात घातली. पन्नास वर्षांचा धट्टाकट्टा माणूस.

मी माझ्या स्टिक्स त्याच्या हातात दिल्या. म्हटलं, दोन्ही तूच ठेव. मी तोंडानं सांगतो.

आता जमतंय त्याला. काल तो पूर्ण नऊ मिनिटं न थांबता गेला. न थांबता गेलं की चौथ्या मिनिटानंतर काय येतं हे मी अडतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही बेसशिवाय. तिथं तुझी एक लांब, सूर खाली खाली नेणारी उतरण आहे ना, मास्तरांनी हातानं लिहिलेली? तू सतरा वेळा तिच्याजवळ पोचली होतीस आणि सतराही वेळा कुणीतरी आधीच अडखळलं होतं. बहुतेक वेळा मीच. आज मोजलं तर आठवतं.

मी इमारतीत नसेन. रस्त्यावरही नसेन. तू बिनधास्त उतर.

२० एप्रिल, रविवार, संध्याकाळ

बारके,

चार वाजता तुम्ही सुरू केलं असेल. त्या वेळी मी पोलीस ठाण्यात बाकावर बसलो होतो. कुणी पकडून नेलं नव्हतं, आपल्या पायानं गेलो. घरी बसलो असतो तर पाच मिनिटांत टॅक्सी करून तिकडं आलो असतो, मी मला ओळखतो.

जमादार चांगला माणूस होता. आधी त्याला वाटलं माझं काही हरवलंय. मी प्रोफेसरचं सांगितलं, तारीख, जागा, स्टँड, गालाचं हाड. तो म्हणाला, त्यांची तक्रार नाही ना, मग कशाला उकरून काढता? मी म्हटलं, लिहा. लिहिलं. मग त्यानं सवयीनं विचारलं, "याआधी कुणाला मारहाण?"

म्हटलं, "हो. बहिणीला. बायकोलाही, पण बहिणीपासून सुरू करा."

"कधी?"

"अडतीस वर्षांपूर्वी."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काका, त्याची मुदत केव्हाच उलटून गेली. आता त्यात काही होत नाही."

"व्हायला नकोच आहे. नुसतं लिहा."

बाहेर कुणाची तरी गाडी चोरीला गेली होती, लोक ओरडत होते, त्याला मला कटवायचं होतं. म्हणून लिहायला बसला. मी सांगत गेलो. स्टिकचं जाड टोक. डावा कान. दोन वार. पहिल्यानंतर ती खाली वाकली होती, दुसरा वाकलेलीवर. ती पडल्यावर मी उठून पाहिलं नाही, पाच मिनिटं वाजवलं. सगळं सांगितलं. मधेच त्यानं घड्याळ पाहिलं, मीही पाहिलं. चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. तुम्ही ‘अकरा’ कितव्या नंबरला घेतलं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

मग त्यानं विचारलं, "भांडण कशावरून?"

म्हटलं, भांडण नव्हतं. आमच्यात रीत होती, वाजवताना कुणी वाट चुकला की दुसऱ्यानं एक बोट वर करायचं, म्हणजे त्याला पहिली मात्रा कुठं आहे ते कळतं आणि तो परत येतो. मी चुकलो होतो. तिनं वाजवता वाजवता माझ्याकडं पाहिलं, बोट वर केलं आणि हसली. टोमणा नव्हता त्यात. घरी मी ताटावर उशिरा आलो की हसायची, तशी हसली. बावीस वर्षांची होती. मला परत बोलावत होती. तिला मारलं.

त्यानं खाली मान घालून लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचत होतो. लिहिलं होतं, ‘किरकोळ कारणावरून’.

मी म्हटलं, "ते खोडा."

"अहो, सगळ्यांचं असंच लिहितो आम्ही. दुसरं काय लिहू?"

बारके, अडतीस वर्षं माझ्याकडं कारणांचा ढीग होता. उपाशी पोट होतं, बाबांचा पट्टा होता, मास्तर होते, तुझी घाई होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

"सांगा, काका. लोक थांबलेत."

"कारण नव्हतं," मी म्हटलं.

त्यानं ते दोन शब्द खोडले, वर ‘विनाकारण’ असं लिहिलं आणि कागद माझ्याकडं फिरवला. मी खाली पूर्ण नावानं सही केली. नक्कल सोबत जोडली आहे.